आडव्या सीटची गाडी

दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी गाडी मी विकत घेतली, तेव्हा कळंबमधल्या ओळखीच्यांना वाटलं, मोजूनमापून चालणारा हा माणूस चळला. मी सहकारी बँकेत तपासनीस होतो. चाळिशी उलटली होती, दोन मुली शाळेत होत्या. तसली शर्यतीची गाडी तरुणांनी मिरवायची. एका साखर कारखान्यातल्या अधिकाऱ्यानं ती हौसेनं आणली होती. दुष्काळात ऊस वाळून गेला, कारखान्याचं गाळप थांबलं आणि तो पुण्याला निघाला. गाडी जुनी होती, मागच्या सीटवर धड माणूस मावत नव्हतं, त्यामुळे तिला गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

मी ती एकाच गोष्टीसाठी घेतली. पुढची डावी सीट मागं रेलून जवळजवळ आडवी होत असे.

माझ्या बायकोला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला होता. बार्शीच्या दवाखान्यात रोज शेक घ्यायला जायचं होतं. किरणांच्या उपचाराला आमच्याकडं सगळे शेकच म्हणत. "दोन बाळंतपणांत घेतलाय की," ती म्हणाली, "शेकाला काय भ्यायचं?" तिच्या डोळ्यांसमोर बाजेखालची शेगडी होती. डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलं होतं. मध्ये खंड पडता कामा नये, नाहीतर गाठ पुन्हा जोर धरते. एसटीच्या बाकावर तिला बसवत नव्हतं. दर खड्ड्याला ती पुढच्या दांडीला धरून अर्धवट उठायची. बार्शीतच राहावं, तर टँकर आल्यावर इथं पाणी कोण भरणार आणि मुलींजवळ कोण राहणार, हा प्रश्न होता.

गाडीत बारीकसारीक बिघाड पुष्कळ होते. डावं दार आतून उघडत नव्हतं. काच वर केली की आपोआप खाली सरकायची. सायलेन्सर तारेनं बांधलेला होता. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं एकेक काम हातावेगळं केलं. मी शेजारी उभा राहून प्रत्येक नट परत आवळला गेला का ते बघत असे. तो वैतागायचा. "साहेब, बँक हाय का ही? पाने तरी मोजू नका माझे." सीटचा खटका मात्र मी स्वतः घासून, तेल घालून नीट केला. एका हातानं, धक्का न बसता ती मागं गेली पाहिजे, एवढं मला हवं होतं.

राहिला रेडिएटर. तो खालून झिरपत होता. मिस्त्री म्हणाला, "रेस का घोडा है, पाणी पिणारच. सध्या मूठभर हळद टाका, भोक बुजतंय." हळद टाकली. पिवळे थेंब पडायचे कमी झाले. बायकोनं ते बघितलं आणि आजारपणात पहिल्यांदा मोकळी हसली. "हिला हळद लागली. आता नवरा कुठला बघायचा?"

पहिले काही दिवस चांगले गेले. ती आडवी पडून जायची, काचेतून तिला नुसतं आभाळ दिसायचं. मग एका दुपारी, बार्शीहून परत येताना, चढावर गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ निघाली. सोबतची पाण्याची बाटली तिनं आधीच संपवली होती. रस्त्यालगत एक वस्ती होती, विहिरीवर एक म्हातारे शेतकरी बैलांसाठी पाणी शेंदत होते. मी पाणी मागितलं.

"तुमाला का गाडीला?" त्यांनी विचारलं.

"दोघांनाही."

"मग आधी माणसाला," ते म्हणाले आणि सुनेला हाक मारली. मला त्यांनी बादली दिली, स्वतः शेंदून भरून दिली. तेवढ्या तळातल्या पाण्यातून त्यांनी ती दिली, हे मी आजही मानतो. सून तांब्या घेऊन गाडीकडं निघाली.

"कुठलं पाव्हणं?"

"कळंबचे."

"कळंबात कुणाच्यातले?"

गावाकडं हा प्रश्न सहज विचारतात आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी सांगितलं, "आम्ही बौद्ध."

"बरं, बरं," ते म्हणाले. आवाज चढला नाही की उतरला नाही. सुनेकडं त्यांनी फक्त पाहिलं. ती गाडीपाशी थांबली, आणि बायकोनं तांब्यासाठी हात पुढं केला तेव्हा म्हणाली, "वंजळ करा, वाढते." आडव्या सीटवरून उठून, दारातून वाकून, बायको ओंजळीनं पाणी प्यायली.

रेडिएटर भरून मी बादली परत द्यायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या, घिऊन जा. वाटंत लागंल."

"नाही, आता नाही लागणार."

"ऱ्हाऊ द्या हो. तुमालाच."

मैलभर गेल्यावर तिनं मान वळवून मागं ठेवलेल्या बादलीकडं पाहिलं. मग म्हणाली, "बादली नवी होती."

घरी आल्यावर तिनं ती उंबऱ्याच्या आत घेतली नाही. मी मिस्त्रीला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी होती, गाडीकडं पाठ करून. "एष्टीनं जायचं."

मी तिला समजावलं. रेडिएटर उतरवून गळक्या जागी डाग देऊन घेतो. तोवर दोन कॅन भरून बरोबर ठेवू.

"कॅन भरले तर पोरींनी काय प्यायचं?"

"एवढं पाणी मी कुठूनही आणीन."

"अहो, आणाल. पण परत बंद पडली, तर परत कुणाच्या तरी दारात जायचं. एष्टीत कुणी इचारत न्हाय. तिकीट काढलं की झालं."

"तुला बसवत नाही."

"दुखतंय ते सोसंल मला," ती म्हणाली. "ते न्हाय सोसायचं."

त्यानंतर ती एसटीनंच गेली. बाकावर वाकळेची घडी घालून एका अंगावर बसायची. मी समोर उभा राहून गर्दी अडवायचो. एकदा बस वाटेतल्या येरमाळ्यातच बंद पडली, तो दिवस बुडाला. एकदा तिला इतका रक्तस्राव झाला की अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं, आणि त्यानंतर आठवडाभर ती उठली नाही. डॉक्टर मला रागावले. शेक पुरे झाले, पण सलग झाले नाहीत. दरम्यान मिस्त्रीनं रेडिएटरला डाग दिला. मी रोज संध्याकाळी गाडी चालू करून, खाली कागद अंथरून बघायचो. कागद कोरडा राहायचा. मी तिला ते सांगायचो. ती "बरं झालं" म्हणायची.

गाठ परत आली. खंड पडला नसता तर वेगळं झालं असतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

ती चैत्रात गेली. गाडीत तेव्हा एकही बिघाड शिल्लक नव्हता.