ठेवू काय पुसू?

नजमाबाई पहिल्यांदा आमच्या बँडचे फोटो काढायला आल्या, तेव्हा मी ऐन रंगात गात असताना सरळ स्टेजवर चढल्या आणि माझ्या कपाळावर आलेली बट कानामागे सारून खाली उतरल्या. समोर पोरं शिट्ट्या मारत होती, मागे ड्रमवाला घामाघूम झाला होता, आणि बाईंना पडली होती माझ्या केसांची! त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. मालवणातल्या मुसलमान घरांतल्या लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. नवरीची बट सारायची सवय रॉक संगीतासाठी कोण सोडणार? कानात कापसाचे बोळे, डोक्यावरून घट्ट ओढणी आणि गळ्यात कॅमेरा, अशा त्या स्पीकरच्या अगदी पुढ्यात ठाण मांडून बसत.

आमचं संगीत त्यांना मुळीच आवडत नसे. "किती वरडतास गो! कोण मेलो काय?" असं विचारायच्या. पण बोलावलं की येत. मग कार्यक्रम देवबागला कुणाच्या होमस्टेच्या अंगणात असो, नाहीतर कुणाच्या मदतीसाठी क्लबच्या हॉलमध्ये.

लग्नातला आणखी एक नियम त्यांनी आमच्याकडे आणला. बायकांच्या बाजूचा फोटो परक्याच्या हाती पडायचा नाही, म्हणून त्या आधी जिचा तिला दाखवत. ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाकत. कार्यक्रम संपला की आम्हालाही एकेकाला बाजूला घेऊन विचारत, "ठेवू काय पुसू?" आमचा गिटारवाला वैतागायचा. "बाई, आमका खंयचो पडदो?" त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "तोंड तुझा, माझा न्हय. इचारल्याशिवाय कसा ठेवू?"

आम्ही त्यांची पुष्कळ चेष्टा केली. एके दिवशी मात्र माझीच गाठ त्या नियमाशी पडली.

वादळात होडी फुटलेल्या एका कुटुंबासाठी आम्ही कार्यक्रम केला होता. मी जीव तोडून गायले. संपल्यावर एका वर्तमानपत्राचा बातमीदार बाईंच्या कॅमेऱ्यात डोकावला आणि माझा एक फोटो बघून उडालाच. म्हणाला, "उद्या पहिल्या पानावर घेतो. खाली तुमचं नाव." बाईंचं नाव तोवर लग्नाच्या अल्बमांशिवाय कुठेच छापलं गेलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! पण त्याला थांबवून त्या आधी माझ्याकडे आल्या.

"घरात चालतला काय गो?"

घरात म्हणजे जामसंड्याला, माझ्या मास्तर बाबांना. मी मालवणात राहून शास्त्रीय शिकते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो फोटो छापला गेला असता तर दुसऱ्याच दिवशी माझं बिऱ्हाड हललं असतं आणि गाणं कायमचं बंद. मी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुसा," म्हणाले. बाईंनी "एकदा बघ तरी" एवढंही म्हटलं नाही. माझ्यासमोर बटण दाबलं आणि बातमीदाराला सांगितलं, "तो गेलो. ड्रमवाल्याचो घेवा." ड्रमवाल्याने पुढे तो अंक फ्रेम करून घरात लावला.

यथावकाश बाबांना कळलं, ते रागावले आणि निवळलेही. बँड मोडला, जो तो पोटामागे गेला. गेल्या वर्षी मी बाईंना भेटायला गेले. गुडघ्यांनी त्यांना घरातच बसवलं होतं. न राहवून मी विचारलं, "बाई, खरं सांगा, कुठेतरी ठेवला असेल ना तुम्ही तो?"

"पुसलंय म्हणजे पुसलंय," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून सावकाश बोलू लागल्या, "मान वर केल्लंस. गळ्याच्यो शिरा फुगलेल्यो. एक हात असो मागे. आणि हसत होतंस गो. एवढा वरडतानाय हसत होतंस."

मला रडू आवरेना. मी गाताना हसते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा पावसाळ्याच्या आधी बाई गेल्या. त्यांनी काढलेले फोटो मालवणात घरोघरी कपाटांत जपून ठेवलेले आहेत. माझा तेवढा त्यांच्याजवळ होता, तो त्यांच्याबरोबर गेला.