धुतलेली फडकी

आमच्या वस्तीवर वारा कुठून आलाय ते दातांना कळतं. पूर्वेचा असला की दात कचकचतात.

पूर्वेला थर्मलचं, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राचं, राखेचं तळं आहे. तळं म्हटल्यावर ज्यांना पाणी आणि कमळं आठवत असतील त्यांनी एकदा येऊन बघावं. कोळसा जाळून उरलेली राख पाण्यात कालवतात आणि मोठ्या पाइपातून तिथं आणून सोडतात. पाणी निथळतं, राख खाली बसते, आणि वरचा थर उन्हानं वाळला की वाऱ्यावर निघतो. तळ्याभोवती मातीचा बंधारा. मी शाळेत जायला लागले तेव्हा त्या बंधाऱ्यावरून पलीकडच्या बाभळींचे शेंडे दिसायचे. शाळा संपली तेव्हा दिसत नव्हते. बाभळी कुणी तोडल्या नव्हत्या, बंधारा वाढला होता.

मी अंबाजोगाईला बी.एस्सी. केलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी हळू आवाजात सांगत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रमाणपत्राला चौकट करून ते दारासमोरच्या भिंतीवर लावलं, आलेल्या माणसाला आधी तेच दिसावं म्हणून. त्याची काच दर दोन दिवसांनी पुसावी लागते. न पुसता आठवडा गेला तर माझं नाव वाचता येत नाही.

आबा थर्मलमध्येच कामाला आहेत. कायम नाहीत, कंत्राटी. राखेच्या पाइपलाइनवर त्यांचं काम, कुठं गळतंय, कुठं तुंबलंय ते बघायचं. आमचं घर त्या राखेवर चाललं आणि माझी फीसुद्धा त्याच राखेतून गेली. हे मला कुणी सांगायची गरज नाही. तरी बरेच जण सांगतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. बंधारा अजून उंच होणार, आणि आमच्या बाजूनं ओढ्यापर्यंत पुढं येणार. कुणाची हरकत असेल तर संक्रांतीनंतर जनसुनावणी आहे, तिथं येऊन सांगावं. ओढ्याच्या अलीकडं पहिलं घर आमचं. नोटीस मी दोनदा वाचली आणि घरी येऊन दारात उभी राहून बंधाऱ्याकडं बघितलं. तो आधीच आमच्या छपरापेक्षा वर होता.

अंबाजोगाईत आमचा एक गट होता. कॉलेजात मला फिजिक्स शिकवणाऱ्या मॅडम, एक डॉक्टर, आणि आम्ही आठ-दहा आजी-माजी विद्यार्थी. कोळशाच्या जागी सूर्याची वीज आणा, एवढंच आमचं म्हणणं. ते नुसतं भाषणात राहू नये म्हणून आम्ही वस्तीच्या शाळेवर वर्गणी काढून दोन सोलर पॅनल बसवले होते. या सुनावणीसाठी आम्ही मागण्या लिहून काढल्या. बंधारा वाढवू नका. वीज बनवणारा सगळ्यात जुना संच बंद करा. थर्मलनं घेऊन पडीक ठेवलेल्या जमिनीवर सोलर उभं करा, आणि तिथं पहिलं काम आज राखेत राबणाऱ्या कंत्राटी माणसांना द्या. शेवटची ओळ मी घातली होती. कुणासाठी ते उघड आहे.

सकाळच्या चहाला मी ते आबांना वाचून दाखवलं.

"सूर्यावर माझं काय काम गं माय? त्याचा पाइप कुठं फुटतो?"

"पॅनल पुसायला माणसं लागतात, आबा."

"लागत्यात खरं." त्यांनी बशीतला चहा संपवला. "आन् पुसायचा अनुभव तुझ्या आईला लई हाय. तिला कर सुपरवायझर."

"हां, करा," आई चुलीपाशी बसून म्हणाली. "मंग तुमाला म्या हजेरीला उभं करते का न्हाई बघा."

आबा हसले, पण जाताना दारात थांबले. "माय, सुनावणीत बोल. पण माझं नाव घिऊ नको. पास संपायला आलाय." गेटमधून आत जायचा पास त्यांना ठेकेदाराकडून नवा करून घ्यावा लागायचा. तो मिळाला नाही की काम नाही. "आन् एक ध्यानात ठेव. बंधारा वरून फुटत न्हाई. खालून वला व्हतो आधी."

सुनावणीत पुरावा पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या. हवा मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. फडक्यांची कल्पना मला सुचली. सिरसाळ्याहून पांढऱ्या मांजरपाटाचा तागा आणला, त्याची हातभर फडकी फाडली, प्रत्येकावर घराचा नंबर लिहिला, आणि दारोदार जाऊन वळचणीला बांधली. पंधरा दिवस अशीच राहू द्यायची. मग सुनावणीत सगळी एका रांगेत मांडायची, आणि साहेबांनी डोळ्यांनी बघायचं. मी एवढी खूश होते की मॅडमना फोनवर दोनदा सांगितलं. शिकल्याचा काही उपयोग होतोय असं पहिल्यांदा वाटलं.

वस्तीची निम्मी दारं बंद होती. निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. ती थेट चैतात परततात. सुनावणी नेमकी त्यांच्या माघारी ठेवली होती. हे मुद्दाम केलं का, ते मला सांगता येणार नाही. दरवेळी तसंच होतं एवढं सांगता येतं. बंद दारांवरही मी फडकी बांधली. शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर राख इतकी सपाट बसली होती की मांजराची पावलं छापल्यासारखी दिसत होती. पावलं दारापर्यंत गेली होती. परत आलेली नव्हती. दाराखालच्या फटीतून मांजर आत गेलं असेल, दुसरीकडून निघालं असेल. तरी मी कडी वाजवून बघितली.

दारं उघडी होती त्या बायकांना मी बजावून सांगितलं, "हात लावू नका. सुनावणीच्या सकाळी मी परत न्यायला येईन. सायबांसमोर ठेवायचीत." सगळ्यांनी माना हलवल्या.

पंधरा दिवसांत पूर्वेचा वारा पुष्कळ आला. फडकी आधी पिवळट दिसायला लागली, मग करडी. वाऱ्यावर हलायची तीही कमी हलायला लागली. रोज जाता-येता मी बघायची आणि मला आनंद व्हायचा. हे लिहायला बरं वाटत नाही. आई खोकायची, आणि मी फडक्याचा रंग बघून खूश व्हायची.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आमच्या वळचणीला फडकं नव्हतं. आई पिशवी घेऊन पुढं आली. त्यात आमचं फडकं होतं, चौघडी घातलेलं, पांढरंशुभ्र. कडेला निळीची छटा.

"आई, हे काय केलंस?"

"धुतलं. कालच. नीळ बी घातली."

"मी म्हणलं होतं ना हात लावू नका!"

"पंधरा दिस न्हाई लावला की. पर दुसऱ्याचं कापड माघारी द्यायचं आन् ते तसंच मळकं द्यायचं? त्यात सायबांफुडं ठिवायचं म्हणालीस. चार लोकांत आपल्या घरची घाण उलगडून दाखवू काय?"

मी पुढच्या घरी पळाले. तिथल्या काकूंनी पाटावर ठेवलेलं फडकं दोन्ही हातांनी दिलं. धुतलेलं. त्यापुढच्या घरी धुतलेलं, आणि तांब्यात विस्तव घालून इस्त्री केलेलं. तिसऱ्या घरच्या आजीनं डाग निघत नाही म्हणून दगडावर इतकं घासलं होतं की माझा लिहिलेला नंबरच गेला होता. "निघाली बघ समदी राख," ती म्हणाली. तिला शाबासकी पाहिजे होती. मी दिली. दुसरं काय करणार?

चूक त्यांची नव्हती. मी त्याच वस्तीत वाढले. शेजारचं पातळ, लग्नात मागून आणलेली सतरंजी, कुणाचा डब्यावर बांधलेला रुमाल, काहीही माघारी देताना आधी धुवायचं हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत. तरी 'परत न्यायला येईन' म्हणताना ते माझ्या ध्यानात आलं नाही. तीन वर्षं कॉलेजात राहून मी ते विसरले होते.

राहिली बंद घरं. तिथं धुवायला कोणी नव्हतं. मी धावत जाऊन ती अकरा फडकी सोडली. ती घडी होत नव्हती, पापडासारखी ताठ झाली होती. मधे मोडली की कडाकडा राख पडायची. मी ती परातीत आडवी ठेवून, वर दुसरी परात झाकून नेली.

मंडप बंधाऱ्याच्या पायथ्याशीच होता. आबा आले नव्हते. ठेकेदारानं त्या दिवशी सगळ्या कंत्राटी माणसांना जादा पाळी लावली होती. समोर सुनावणीचे साहेब, त्यांच्या शेजारी थर्मलकडून आलेला एक तरुण इंजिनिअर. मी आमच्या मागण्या वाचल्या. मग परात उघडली.

साहेबांनी वाकून बघितलं. "ही कुठल्या घरांची?"

"बंद घरांची, साहेब. माणसं ऊसतोडीला गेलीत."

"मग बांधली कुणी?"

"मी."

"सोडून आणली?"

"मीच."

"म्हणजे तुम्हीच बांधली, तुम्हीच आणली. घरमालकाची सही?"

"घरमालक उसाच्या फडात आहे, साहेब. सही तिथून कशी आणू?"

"आणि लोक राहतात त्या घरांची?" इंजिनिअरनं विचारलं. त्याला माझ्या हातातली धुतलेल्या फडक्यांची पिशवी दिसत होती. त्यानं ती घेतली आणि एकेक फडकं टेबलावर मांडलं. पांढरं, पांढरं, पांढरं. मंडपात कुणीतरी फिसकन हसलं.

आई मागून उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "सायेब, ती आमी धुतल्यात."

"कावून धुतली मावशी?" साहेब आमच्याकडचेच असावेत.

"मग तुमच्याफुडं घाण आणायची व्हती व्हय?"

सगळा मंडप हसला. साहेबही हसले. आईसुद्धा थोडी हसली, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू जिथल्या तिथं थांबलं.

इंजिनिअर म्हणाला, "सोलरचं म्हणाल, तर तुमच्या शाळेवरचे दोन पॅनल तरी नीट चालतात का? पंखा फिरत नाही असं ऐकलं."

"तुमच्या राखेखाली कसा फिरेल?" मी म्हणाले. "सकाळी पुसते तर दुपारपर्यंत फिरतो. तुम्ही चार दिवस संच बंद ठेवा, दिवसभर फिरतो की नाही ते दाखवते."

टाळ्या पडल्या. त्या कागदावर आल्या नाहीत. कागदावर काय आलं ते मी लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून वाचलं. ग्रामस्थांनी सादर केलेली कापडं पाहण्यात आली. राहत्या घरांवरील कापडं स्वच्छ आढळली.

निर्णयाचं पत्र यायच्या आधीच मुरमाचे डंपर सुरू झाले. पुढं पत्र आलं, त्यात हरकती विचारात घेतल्या असं एक वाक्य होतं. ऊसतोडीची माणसं चैतात घरी आली तेव्हा त्यांच्या दारातून उगवतीचं ऊन दिसायचं बंद झालं होतं. आता आमच्या वस्तीवर दिवस उशिरा निघतो. शाळेवरच्या पॅनलांवर सकाळभर बंधाऱ्याची सावली असते, त्यामुळं सकाळी पुसायला जायची घाई राहिली नाही.

आई पुष्कळ दिवस माझ्याशी मोजकंच बोलायची. ती धुतलेली फडकी तिनं ट्रंकेत ठेवून दिली होती. एकदा म्हणाली, "मला सांगायचं तरी नीट." मी म्हणाले, "चुकलं माझं." ते खरंच होतं.

मागच्या महिन्यात आबा कामावरून आले आणि घरात न येता सरळ बंधाऱ्याच्या पायथ्याकडं गेले. उकिडवे बसले. मी मागून गेले. पावसाळा संपून गेला होता, आसपासची जमीन भेगाळलेली, आणि तिथं एवढ्यातेवढ्या जागेत ओल होती. आबांनी बोट बुडवून अंगठ्यानं चोळलं. बोट करडं झालं. घरी येऊन एक तुराटी घेतली, आईकडून एक फडकं मागितलं, त्याची चिंधी फाडून काठीच्या टोकाला बांधली, आणि ओल जिथं संपत होती तिथं ती काठी रोवली.

चार दिवसांनी काठी ओलीत होती. त्यांनी पुढं दुसरी रोवली.

आता सहा झाल्यात. पहिल्या काठीपासून आमच्या गोठ्यापर्यंत मी चोपन्न पावलं मोजली होती. सहाव्या काठीपासून एकोणीस भरतात. मी प्रत्येक काठीचा फोटो काढते, गटात पाठवते, मॅडम ते अर्जाला जोडतात. अर्ज आत गेलाय. आम्ही पुन्हा तेच मागतोय, जुना संच बंद करा, राख थांबवा, सोलर आणा. यावेळी सोबत आणखी एक ओळ आहे, बंधारा आजच्या आज तपासा. काठ्या रोवणाऱ्याचं नाव मी लिहिलं नव्हतं.

काल सकाळी आबा ओल बघून आले. पायांना करडा चिखल होता. ते चहाला बसले नाहीत.

"माय, त्या अर्जावर माझं नाव घाल."

"आबा, पास?"

"घाल म्हणलं ना. राखेच्या लाइनवर कामाला हाय, आसं बी लिही. आन् तुझ्या मॅडमला म्हण, तपासायला कुणाला आणायचं आसंल तर आठवड्यात आणा. मंग नका आणू." ते आईकडं वळले. "एक फडकं दे."

आई ट्रंकेकडं गेली नाही. वळचणीला एक फडकं होतं, तिनंच परत कधीतरी बांधलेलं, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते तिनं सोडून त्यांच्या हातात दिलं. करडं, ताठ.

"धुतलेलं न्हाई," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, आणि सातवी तुराटी घेऊन बाहेर गेले.