टाचणी लावलेली पानं

वाचनालयात तिला सगळे भागूबाई म्हणत आणि ती ओ देत असे. एवढ्यातेवढ्याला दचकणारी बाई. कपाटाचं दार करकरलं तरी हातातलं कार्ड जमिनीवर. अशा बाईकडे दहा वर्षं भुतांच्या महिन्याचं काम होतं, हा विनोद सभासद दरवर्षी नव्याने करत आणि स्वतःच हसत.

भुतांचा महिना म्हणजे अंधार लवकर पडायला लागला की सुरू होणारं वाचनाचं चॅलेंज. भिंतीवर मोठा तक्ता, त्यावर तीस चौकोन. एकात 'घरच झपाटलेलं असेल असं पुस्तक', दुसऱ्यात 'मांजराला आधी कळतं', तिसऱ्यात 'शंभर पानांच्या आत थरकाप'. पुस्तक वाचलं की चौकोन रंगवायचा. पहिला चौकोन दरवर्षी पोस्टमनकाका रंगवायचे. पेन्सिल खाली ठेवून म्हणायचे, "एकंदरीत ठीक होतं भूत." बिनमुंडक्याचं असो की अख्खं, त्यांना भूत एकंदरीत ठीकच वाटायचं.

पण यादी काही भागूबाईच्या एकटीची नव्हती. यादी तिच्या थोरल्या जाऊबाईची. भागूबाई तिला वहिनी म्हणायची. वहिनी घरी बसून लोकांचे कपडे आवळून, सैल करून द्यायची. कॉलरला टाचण्यांची रांग, ओठांत आणखी दोन-तीन, त्यामुळे ती बोलायला लागली की 'भ'चा 'ह' व्हायचा. "हूत आहे इथे, हूत. उघडू नकोस."

महिना सुरू झाला तो तिच्याच हट्टाने. भागूबाईची चार वर्षांची मुलगी तापात गेली, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. भागूबाई कामाला जायची, यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. ती कामावर असताना मुलीला भरवायची, झोपवायची ती वहिनीच. पण वहिनी कुणाला रडताना दिसली नाही. एके दिवशी तिने भागूबाईच्या उशाशी भुतांची तीन पुस्तकं आदळली.

"घरातली भुतं पुरे झाली. आता जरा बाहेरची बघू."

"मला भीती वाटते, वहिनी."

"वाटू दे की. काहीतरी तरी वाटू दे."

मग पद्धत ठरली. आधी वहिनी वाचणार. जिथे फारच भयंकर असेल ती पानं टाचणीने एकमेकांना जोडून टाकणार. भागूबाईने तो गठ्ठा उलटायचा आणि पुढे जायचं. दोघींचं झालं की टाचण्या काढून पुस्तक वाचनालयात, मग यादीत. वाचायचं भर उजेडात, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, आणि टाचलेलं पान उघडायचं नाही म्हणजे नाही. भागूबाईने ते कधी उघडलं नाही. तिला कुठे हौस होती.

एका पुस्तकात तर सलग बत्तीस पानं टाचलेली होती.

"वहिनी, ह्या गोष्टीला काही शेंडाबुडखा नाही. चांगली चालती-बोलती बाई एकदम रडायला का लागते?"

"लेखकच तसला. पाट्या टाकतो मेला."

दोघी हसल्या होत्या.

यंदा उन्हाळ्यात वहिनी गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि तीन महिन्यांत आटोपलं. शिलाई मशीनवर अर्धवट उसवलेली कुणाची तरी पँट तशीच राहिली.

वाचनालयाच्या मोठ्या बाई प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखं बोलत. "हे बघा. शनिवारपर्यंत. यादी आली. तर तक्ता लागेल. नाही आली, तर महिना बंद. तुम्हाला कुणी आग्रह करत नाहीये."

भागूबाईला ठाऊक होतं, असं काही एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू होत नाही. वहिनीचे कपडे वाटून झाले होते, मशीन विकलं गेलं होतं. राहिला होता तो हा महिना. पण नवं पुस्तक घ्यायचं तर आधी पुढे जाऊन वाचणार कोण? चार दिवस ती पुस्तक उघडायची, तिसऱ्या पानावर मिटायची. शुक्रवार उजाडला तरी कागद कोरा.

तेव्हा तिला पळवाट सुचली. जुनीच पुस्तकं घ्यायची, वहिनीने पारखलेली. दुपारी वाचनालय दोन तास बंद असतं, त्या वेळात तिने गेल्या वर्षीचं एक, कुणीच न नेलेलं, काढलं, आणि बोटाला टाचणी टोचली. वहिनी एक काढायला विसरली होती. गेल्या वर्षापासूनच ती बरंच काही विसरू लागली होती.

टाचणी राहू देणं शक्य नव्हतं, सभासदांना टोचली असती. भागूबाईने ती काढली. पान आपसूक उघडलं.

एक बाई दोरीवरून वाळलेले कपडे काढत होती. त्यात एक वीतभर फ्रॉक होता. घालणारं आता घरात कुणी नव्हतं. बाईने त्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. पान संपलं.

भागूबाईने ते भुतासाठी दोनदा वाचलं. भूत नव्हतंच.

मग ती जुन्या याद्या घेऊन कपाटांपुढे उभी राहिली. एकेक पुस्तक खिडकीशी धरून बघू लागली. टाचण्या गेल्या होत्या, पण त्यांची भोकं कुठे जातात? एकात तापाने फणफणलेलं पोर होतं. एकात रिकामा पाळणा. एकात शाळेच्या फाटकाशी उभी असलेली आई, घंटा होऊन गेल्यावरही उभी. आणि विहिरीतून वर येणारा हात, मुंडकं काखेत मारून फिरणारा चौकीदार, छपरावर चालणारी पांढरी बाई? ती पानं अगदी धड होती, एक भोक नाही. ती सगळी वहिनीने तिला खुशाल वाचू दिली होती.

बत्तीस पानांचं पुस्तक तिने उभ्यानेच वाचलं. ती बाई का रडायला लागते ते त्यात नीट लिहिलेलं होतं. लेखकाने कसल्याही पाट्या टाकल्या नव्हत्या.

टाचणी एकदा लावली की दोन भोकं पडतात. ह्या बत्तीस पानांना सहा होती. वहिनीने टाचणी काढून पुन्हा वाचलं होतं, पुन्हा लावली होती, पुन्हा काढली होती. एकटीने, मशीनपाशी बसून. तिच्यासाठी पुढे जाऊन कुणी वाचत नव्हतं. भागूबाई कपाटाला टेकून खाली बसली. दोन तास संपले, बाहेर कुणी दार वाजवलं, तरी तिला उठता येईना. वहिनीला तिने एकदाही विचारलं नव्हतं, तुला कसं वाटतं गं.

शनिवारी यादी मोठ्या बाईंच्या टेबलावर होती. त्यात एक पुस्तक अगदी नवं होतं. ते भागूबाईने घरी खिडकीपाशी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, थांबत थांबत.

सोमवारी तक्ता लागला आणि पोस्टमनकाका आले. दीड महिन्यापूर्वी त्यांची बायको दवाखान्यात गेली ती परत आली नाही. तेव्हापासून त्यांच्या तोंडून 'एकंदरीत' कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी नेमकं ते नवं पुस्तक उचललं.

"थांबा जरा," भागूबाई म्हणाली.

त्यात एक बाई खाटेवर पडल्या पडल्या नवऱ्याला सांगते, कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत, दुधाच्या पिशव्या कोण टाकतं. तीन पानं होती. भागूबाईने पर्समधून वहिनीची टाचण्यांची डबी काढली, एक टाचणी ओठांत धरली, दुसरीने पानं जोडली.

"काय आहे तिथे?" काकांनी विचारलं.

"हूत," ती म्हणाली. "फार घाण हूत आहे. पुढे चला."

काका जोडलेल्या पानांकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"तुम्ही वाचलंत?"

तिने मान डोलावली.

काकांनी पुस्तक पिशवीत घातलं. दारापर्यंत गेले, वळले, म्हणाले, "एकंदरीत..." आणि बाहेर पडले.