बंद माइकवरचा दुसरा हाफ

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो, आणि खाली 'घरातला कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर तपासून घ्या' (त्या वायूने माणसाला भास होतात) अशी खवचट कमेंट टाकणारा बहुतेक वेळा मीच असतो. उद्या माझ्याही अनुभवाखाली कोणी तसं लिहिलं तर तक्रार नाही. दुसरं म्हणजे हे मी रागात लिहितोय. वर्ष होत आलं, तरी राग उतरलेला नाही. त्या दिवशी जे अमानवीय घडलं त्याचं मला कोडं आहे, पण जे मानवीय घडलं त्याचा संताप आहे.

मी मूळचा अकोल्याचा. एमएस करायला पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या शहरात आलो आणि इथेच चिकटलो. आठवडाभर आयटीची नोकरी, आणि हिवाळ्यात जवळच्या एका लहान गावातल्या रेडिओ स्टेशनसाठी हायस्कूल बास्केटबॉलची कॉमेंट्री. तिथला नेहमीचा माणूस एकदा आजारी पडला, त्याच्या जागी बसलो तो बसलोच. बायको म्हणते, तुला घरात कोणी बोलू देत नाही म्हणून तू जिममध्ये जाऊन बोलतोस. असेल.

त्याच गावात डॉ. वझे राहायचे. आमचे वझेकाका. मिरजेचे. पन्नासेक वर्षांपूर्वी भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलात आले, तेव्हा गावात दुसरा भारतीय माणूस नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला आणि डावी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत... आणि जीभ पहिल्यासारखीच तिखट. मुलाच्या घरी खिडकीशी त्यांचा पलंग होता आणि उशाशी एक साधा प्लगवर चालणारा रेडिओ. माझी एकही मॅच त्यांनी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून चुका काढायचे.

कारण होतं त्यांची नात, सानिका. शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि टीममध्ये होती, म्हणजे बहुतेक वेळ बेंचवर होती. लहानपणी काकांनीच तिला घराच्या ड्राइव्हवेवर बॉल टाकायला शिकवलं होतं. फाउल झाला की फ्री थ्रो मिळतो, म्हणजे अडवायला कोणी नसतं, आपण आणि बास्केट. सगळं जग तो डोक्यावरून टाकतं. काकांनी तिला शिकवला खालून... दोन्ही हातांत बॉल धरून, गुडघे वाकवून, पायांमधून झुलवत वर सोडायचा. "यात मनगटाची लुडबुड नाही, चूक कमी होते," हे त्यांचं डॉक्टरी मत. इथे त्या थ्रोला आजीबाईंचा थ्रो म्हणून हसतात. नववीत असताना सानिकाला जिमभर हसले, त्यानंतर तिने तसा टाकणं बंद केलं. काका तिला काही बोलले नाहीत. पण ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून बसायचे, ते त्यांनी सोडलं.

सीझनच्या शेवटच्या घरच्या मॅचला सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलींना आईवडिलांबरोबर मधोमध बोलावतात, फुलं देतात, टाळ्या वाजवतात. कोच त्या दिवशी बेंचवरच्या सीनियर मुलींनाही थोडा वेळ खेळवतोच. त्या आठवड्यात काकांचा फोन आला.

"ऐक. सानिका म्हणाली आहे, चान्स मिळाला तर खालून टाकेन. आजोबा, फॉर यू, म्हणाली."

"अरे वा, काका."

"वा नको करू. नीट सांग. हात कुठे होते, गुडघे किती वाकले, सगळं सांग. तू सांगशील तेवढंच मला दिसणार आहे."

मी शब्द दिला.

इथे विचाराल की व्हिडिओ कॉल का नाही केला. त्या जिमच्या आत फोनला रेंजच नसते. काँक्रीटची पेटीच आहे ती. आमचा ट्रान्समिशनचा बॉक्ससुद्धा शाळेच्या इंटरनेटच्या वायरवर चालतो. रेंज हवी तर बाहेर कॉरिडॉरमध्ये, ट्रॉफीच्या कपाटापाशी जावं लागतं.

शनिवार दुपारची मॅच. फुलं झाली, फोटो झाले, सानिकाची आई रडली, वडील रडलो नाही असं दाखवत होते. मी पहिला हाफ मन लावून सांगितला. सानिका बेंचवर होती, पण काकांसाठी मी दर थोड्या वेळाने सांगत होतो की ती बुटाची लेस बांधतेय, पाणी पितेय. बॉक्सवर हिरवा दिवा होता. माझ्या मते सगळं व्यवस्थित चाललं होतं.

हाफटाइमला कॉरिडॉरमध्ये आलो आणि बायकोचा मेसेज आला. 'मॅच कुठाय? रेडिओवर फुटबॉलच्या गप्पा चालल्यात. सुरुवातीपासून.'

मी तिथूनच ग्रेगला फोन लावला. ग्रेग म्हणजे आमचा स्टेशन मॅनेजर. त्याचा आवाज असा निवांत, जसा काही सोफ्यावर आडवा आहे. होताच बहुतेक.

"ओह येस, सॉरी. तुला ईमेल करायचा राहून गेला," तो म्हणाला. "एक स्पॉन्सर आला, त्याला फुटबॉल कोचचा इंटरव्ह्यू हवा होता. मागच्या महिन्यातलाच, रिपीट."

"रिपीट? जुना इंटरव्ह्यू लावायला तू चालू मॅच कापलीस?"

"गर्ल्स गेम आहे, मॅन. शनिवारची दुपार. हू इज लिसनिंग?"

कोण ऐकतंय... हे मला विचारतो! मी त्याला वझेकाकांबद्दल सांगितलं. पलंग, स्ट्रोक, नात, सगळं. तो म्हणाला, "दॅट्स स्वीट. पण आता मध्येच स्विच नाही करता येणार. स्पॉन्सरचा पूर्ण स्लॉट आहे." आणि म्हणाला, तू घरी गेलास तरी चालेल.

मी काकांच्या घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. आत जाऊन मी पहिलं काम केलं ते बॉक्सची वायर भिंतीतून उपटली. हेडसेट काढला, बॉक्सला गुंडाळला, बॅगेत टाकला, चेन लावली. हे मुद्दाम तपशिलात सांगतोय, कारण पुढे प्रश्न इथेच येणार आहे. दुसऱ्या हाफला माझ्यासमोर माइक नव्हता, बॉक्स नव्हता, कसलंही कनेक्शन नव्हतं.

निघून जावंसं वाटलं. पण शब्द दिला होता. म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करू आणि मॅच संपली की काकांना नेऊन ऐकवू. शिळं तर शिळं. टेबलावर फोन ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि मग लक्षात आलं, ऐकणारा एकच आहे तर मी इंग्रजी कोणासाठी झाडतोय? सरळ मराठीत सुरू केलं.

मराठीत बास्केटबॉल सांगायला शब्दच नाहीत हो. डिफेन्सला मी 'वाट अडवली' म्हणत होतो, अटॅकला 'चढाई'. एका उंच मुलीने पाठोपाठ बॉल हिसकावले तेव्हा 'हिने तर भाजीबाजारात पिशवी मारावी तसा बॉल मारला' असंही बोलून गेलो. शेजारच्या टेबलावरचा स्कोरर माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा वळला नाही.

एका टाइमआउटला मी रेकॉर्डिंग पॉज केलं. फोनकडे बघून स्वतःशीच पुटपुटलो, "या ग्रेग्याला अकोल्याच्या मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभा केला पाहिजे, म्हणजे कळेल कोण ऐकतंय." आणि एक शब्द, जो इथे छापता येणार नाही. मग पुन्हा रेकॉर्डिंग चालू केलं.

आमची टीम हरतच होती. शेवटी शेवटी कोचने सानिकाला आत पाठवलं. ती चढाईला गेली, समोरच्या मुलीने ढकललं, फाउल. दोन फ्री थ्रो.

ती रेषेवर उभी राहिली. बॉल खाली नेला. प्रेक्षकांत ते हसू सुरू झालं, तेच, नववीतलं. मी जवळजवळ ओरडलो, "खालून टाकतेय काका! हात सरळ, गुडघे पूर्ण वाकलेत, मान वर... सोडला... आत! रिंगलासुद्धा लागला नाही." हसणं थांबलं. दुसरा रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर पडला. "या वेळी गुडघे अर्धेच वाकले," मी म्हणालो, "घाई केली पोरीने." मॅच हरलो.

टीमचा केक वगैरे होता, म्हणून घरचे लोक मागे राहिले. सानिकाच्या वडिलांना मॅच कापल्याचं सांगून मी तडक काकांकडे गेलो. दार डोनाने उघडलं. डोना म्हणजे काकांची काळजी घ्यायला येणारी बाई, तिथलीच, साठीची. तिला फोनचं विचारलं तर म्हणाली, "वाजत होता, पण तो उचलू देईना. गेम चालू आहे म्हणाला."

मी आत गेलो. वाटेत सॉरीची चार वाक्यं जुळवली होती.

"काका, माफ करा. त्यांनी मॅच कापली. पण मी रेकॉर्ड—"

"परत कशाला?" काका म्हणाले. "ऐकली की. आणि काय रे, बास्केटबॉलची कॉमेंट्री करत होतास की कबड्डीची? चढाई काय, वाट अडवली काय!"

मी पलंगाच्या कडेला बसलो.

"मराठीत केलंस ते मात्र बरं केलंस," ते म्हणाले. "पन्नास वर्षांत या गावच्या रेडिओवर मराठी ऐकलं नव्हतं. ती भाजीची पिशवी छान होती. फक्त त्या मॅनेजरला अकोल्याच्या गच्चीवर उभं करणं... चूक नाही, पण अनवाणी जरा जास्त होतं. आणि तो शब्द रेडिओवर बोलू नये."

तो शब्द रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. तो मी फोन पॉज करून, तोंडातल्या तोंडात बोललो होतो. स्कोररलाही ऐकू गेला नसेल, आणि गेला असता तरी कळला नसता.

मी डोनाकडे बघितलं. तिला विचारलं, तुम्ही काय ऐकलंत?

"गेम," ती म्हणाली. "पहिला हाफ इंग्लिशमध्ये. नंतर तू तुमच्या भाषेत बोलायला लागलास. मला एक शब्द कळला नाही, पण हा हसत होता आणि मला मधूनमधून स्कोर सांगत होता."

रेडिओ मी हातात घेऊन बघितला. काटा आमच्याच स्टेशनवर होता, भिंतीतल्या प्लगवर चालू, दुसरी कसली वायर नाही. त्यावर तेव्हा हवामान चाललं होतं. नंतर मी स्टेशनचं त्या दुपारचं रेकॉर्डिंग मिळवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फुटबॉल कोच. बायकोने तेच ऐकलं. काकांच्या शेजारच्या घरातही चौकशी केली, तिथेही तेच. माझा फोन जिममध्ये रेंजबाहेर होता, चुकून कोणाला कॉल लागला म्हणावं तर तशी नोंद नाही. जे जे तपासता येतं ते तपासून झालंय, कृपया कमेंटमध्ये पुन्हा सुचवू नका.

तेवढ्यात सानिका आली. अजून युनिफॉर्ममध्ये, डोळे लाल. तिला बापाकडून कळलं होतं.

"आजोबा, आय अॅम सो सॉरी, दे डिडन्ट एअर इट. मी खालून टाकला, आय स्वेअर, पण तुम्ही—"

"पहिला उत्तम," काका म्हणाले. "दुसऱ्याला गुडघे. किती वेळा सांगितलं, गुडघे."

ती माझ्याकडे वळली. "काका, यू टोल्ड डॅड इट वॉज ऑफ." जणू मीच खोटं बोललो होतो. मी मान हलवली, दुसरं काय करणार. मग तिने आजोबांच्या छातीवर डोकं टेकलं आणि त्यांचा चालणारा हात तिच्या डोक्यावर थोपटत राहिला. "बर्फ वितळला की माझी खुर्ची बाहेर टाक," ते तिला म्हणाले. टाकली तिने. एप्रिलभर ते बसले तिथे, आता व्हीलचेअर हीच खुर्ची, पांघरूण घेऊन. उन्हाळ्यात गेले.

आता माझा राग. सोमवारी मी स्टेशनवर जाऊन ग्रेगला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, बहुतेक त्याला लाज वाटावी म्हणून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "सो ही हर्ड इट? ग्रेट! नो हार्म डन, देन."

नो हार्म डन! मी बॉक्स त्याच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. तेव्हापासून तिथे गेलेलो नाही. ओळखीचे लोकही आता हेच ऐकवतात, काकांना ऐकू आलं ना, देवाची कृपा, सोडून दे. नाही सोडणार. ऐकू आलं यात ग्रेगचा काही हात नव्हता. त्याच्यावर सोपवलं असतं तर तो म्हातारा दुपारभर उशाशी रेडिओ घेऊन फुटबॉलच्या शिळ्या गप्पा ऐकत नातीच्या नावाची वाट बघत राहिला असता.

काकांना ते कसं ऐकू गेलं, मला आजही माहीत नाही. कोणामुळे ऐकू जाणार नव्हतं, ते मात्र पक्कं माहीत आहे.