गोठा बघून निवडलेले खेळाडू

आमच्या रियाधच्या ऑफिसातला एक कॅनेडियन फायनल एक्झिट घेऊन कायमचा मायदेशी गेला आणि त्याच्या जागी माझी नेमणूक झाली. नोकरीतली जागा नव्हे, फॅन्टसी लीगमधली.

ही लीग आमच्या साहेबांची. साहेब अमेरिकन, आडदांड, मनाने लोण्यासारखे. एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आमच्या कॉलेज फुटबॉल लीगमध्ये एक माणूस कमी पडतोय. तुम्हाला आकडे आवडतात ना? मग याच तुम्ही."

साहेबांना नाही म्हणायची आमच्या खात्यात पद्धत नाही. मी हो म्हणाले.

घरी येऊन दोघांना गरम भाकऱ्या वाढताना मी सांगितलं की मला फुटबॉलच्या लीगमध्ये घेतलंय. नववीतली लेक घास थांबवून म्हणाली, "आई, यू डोन्ट इव्हन नो व्हॉट फुटबॉल दे मीन." मग तिने मोबाइलवर दाखवलं. तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हताच. हेल्मेट घातलेली धिप्पाड पोरं एक लांबोडका चेंडू पोटाशी धरून एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की टचडाउन, एवढं मला कळलं. कॉलेजच्या मॅचेस म्हणजे तास बुडवलेली चार टाळकी बघायला येतात, अशी माझी सांगलीची समजूत. इथे स्टेडियममध्ये आख्खी सांगली बसवून वर मिरज मावली असती.

लीगचा प्रकार मात्र सोपा होता. आपण खऱ्या खेळाडूंमधून आपली कागदी टीम निवडायची. ते तिकडे शनिवारी मॅचमध्ये जे करतील त्याचे गुण इकडे आपल्याला. निवड ड्राफ्टमध्ये, आळीपाळीने. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. अडचण इतकीच, की मला एकही खेळाडू माहीत नव्हता आणि कॉलेजं शेकड्यांनी होती.

"मग हरशील," नवरा शांतपणे म्हणाला. तो अल खर्जला एका डेअरीत इंजिनिअर आहे. रोज वाळवंटातून गाडी हाकत जातो आणि घरी आल्यावर गायींशिवाय फारसं बोलत नाही. पण त्या दिवशी पाणी पिता पिता म्हणाला, "आमच्याकडे गाय एकटी बघत नाहीत. गोठा बघतात. या उन्हात जगातली भारीतली गाय आणून बांध. पंखे नाहीत, पाण्याचे फवारे नाहीत, वैरण नाही, तर काय देणार ती? आणि गोठा चांगला असेल तर साधी गायसुद्धा चरवी भरते."

मी भाकरी तव्यावर ठेवून त्याच्याकडे बघतच राहिले. भाकरी करपली.

त्या आठवड्यात मी गोठे बघितले. म्हणजे प्रत्येक टीमच्या गेल्या मोसमातल्या आक्रमणाचे आकडे काढले. मॅचमध्ये टीम किती वेळा चाल रचते, त्यातल्या किती वेळा चेंडू घेऊन पळते, किती वेळा फेकते, किती वेळा शेवटच्या रेषेजवळ पोचते. काही टीम्स चेंडू घेऊन इतक्या सावकाश खेळत होत्या की जणू सरकारी कचेरीत फाइल हलतेय. काही टीम्स श्वासही घेत नव्हत्या. सावकाश टीमच्या नामांकित खेळाडूपेक्षा घाईच्या टीमच्या दुय्यम खेळाडूच्या हातात चेंडू जास्त वेळा येत होता. हे उमगलं तेव्हा मला सीएची परीक्षा पास झाल्याइतका आनंद झाला. सांगायला घरात कोणी जागं नव्हतं ते सोडा.

ड्राफ्ट शुक्रवारी दुपारी साहेबांच्या व्हिलावर होता. ऑगस्टचा महिना. गाडीचं स्टिअरिंग मी ओढणीने धरून तिथवर पोचले. आत एसी, थंड सरबतं आणि एक मोठा पडदा. साहेबांनी पहिल्याच फेरीत स्वतःच्या जुन्या कॉलेजचा खेळाडू घेतला. सगळे हसले. ते दरवर्षी असंच करतात म्हणे. माझ्या शेजारी बसलेला आमच्या पगार विभागातला इजिप्शियन तर ज्यांची नावं उच्चारता येतात असेच खेळाडू निवडत होता. "हंगामभर ज्याला हाक मारायची त्याचं नाव तरी तोंडात बसायला हवं," हे त्याचं शास्त्र.

मी पहिलं नाव घेतलं तेव्हा खोलीत कुजबुज झाली. "हा कोण?" दुसऱ्या नावाला कोणीतरी उठून मोबाइलवर शोधलं. मी मान ताठ ठेवली. तिसऱ्या फेरीत मी माझा हुकमाचा पत्ता काढला. गेल्या मोसमात ज्या टीमचं आक्रमण सगळ्यात तुफान होतं, तिचा पळणारा गडी. एवढ्या उशिरापर्यंत तो शिल्लक कसा राहिला याचं मला नवल वाटत होतं.

साहेबांनी चष्मा काढला आणि आजारी माणसाशी बोलावं तसं हळू विचारलं, "त्या टीमचा कोच यंदा सोडून गेला. चेंडू फेकणारा मुलगाही त्याच्याबरोबर गेला. तुम्हाला माहीत आहे ना?"

"खलास," इजिप्शियन म्हणाला आणि त्याने माझ्यापुढे खजूर सरकवले.

घरी येऊन मी पर्स सोफ्यावर आपटली. झालेलं ऐकून नवरा म्हणाला, "मग बरोबरच आहे. गोठ्याचा मॅनेजर गेला की दूध घटतं. गेल्या वर्षी आमच्या एका गोठ्याचं तेच झालं."

"अहो, मग हे आधी सांगायचं ना!"

"मी गोठ्याचं बोललो. मॅनेजरचं तू कुठे विचारलंस?"

दोन दिवस मी त्याच्या डब्यात दुधी भोपळा दिला. मग राग ओसरल्यावर माझ्या डोक्यात आलं की मॅनेजर गेला तो कुठेतरी गेलाच असेल. शोधलं. तो कोच एका अगदी पडेल टीमकडे गेला होता. तिचे जुने आकडे इतके वाईट होते की आमच्या लीगमध्ये तिच्या एकाही खेळाडूला कोणी हात लावला नव्हता. कोणी न घेतलेला खेळाडू बदली म्हणून केव्हाही घेता येत होता, तेव्हा मी माझा हुकमाचा गडी सोडून दिला आणि त्या पडेल टीमचा पळणारा पोरगा घेतला. ऑफिसात पुन्हा हशा पिकला.

पहिले काही आठवडे तो पोरगा नुसता आपटत होता. लेक रोज विचारायची, "हाऊ इज युअर बॉय?" आणि मी विषय बदलायचे.

मग एका रविवारी सकाळी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, साहेब सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसात आले. तिकडची शनिवारची मॅच इथे पहाटेपर्यंत चालते. ते थेट माझ्या टेबलाशी आले आणि हातातली कॉफी माझ्यापुढे ठेवली.

"तुमच्या त्या पोराने तीन टचडाउन केले," ते म्हणाले. "माझ्या कॉलेजविरुद्ध."

"सॉरी सर," मी म्हणाले. मला अजिबात वाईट वाटलं नव्हतं.

त्यानंतर माझी गाडी सुसाट सुटली. नवरा डेअरीतून फोन करून कोणत्या टीमचा कोणता सहायक कोच हलतोय ते विचारू लागला. शेवटी मी दुसरी आले. पहिला आला इजिप्शियन, उच्चारता येणाऱ्या नावांच्या जोरावर. त्याने विजयाचं भाषण केलं आणि त्यात स्वतःच्या एका खेळाडूचं नाव चुकीचं उच्चारलं. साहेब शेवटचे आले. नियमाप्रमाणे सगळ्यांना जेवण त्यांच्याकडे.

जानेवारीतल्या छान थंड दुपारी त्यांनी अंगणात ग्रिल पेटवलं. माझ्यासाठी पनीर वेगळं ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे पहाट होती. लोकरीची टोपी, मागे खिडकीबाहेर बर्फ. साहेबांनी फोन माझ्याकडे वळवला.

"आकड्यांची बाई ती तूच का?" म्हाताऱ्याने विचारलं. "कधी पूर्ण मॅच बघितलीस?"

"नाही," मी खरं ते सांगितलं. "पहाटे मला झोप येते."

त्याने टोपी मागे सरकवली. "बरं, मग सांग. आमच्या कॉलेजची टीम पुढच्या वर्षी सुधारेल का?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते मांस उलटत होते. "तुमची टीम फार सावकाश खेळते, आजोबा," मी म्हणाले. "चेंडू कितीदा हातात येणार?"

"हेच!" म्हातारा फोनमधून ओरडला. "हेच मी माझ्या पोराला तो शाळेत असल्यापासून सांगतोय! दे त्याला फोन!"

साहेबांनी फोन घेतला आणि बापलेकांचं जुंपलं. शिस्तीचा खेळ, घाईचा खेळ, कुठल्या तरी जुन्या कोचचा उद्धार. साहेब चिमटा हातात घेऊन हातवारे करत अंगणभर फिरू लागले. ग्रिलवरून धूर यायला लागला. मी पुढे होऊन काट्याने पनीर उचललं. खालची बाजू पार कोळसा झाली होती. वरची बरी होती, तेवढी मी खाल्ली.