पुएसमास्तर

भाऊंना "जेवलात का?" एवढंच विचारलं तरी ते आधी "पुएस..." म्हणून आढ्याकडे बघत आणि मग "जेवलो" म्हणत. पुएस म्हणजे स्पॅनिशमधलं 'तर मग'. आमच्या आळीने त्यांचं नावच पुएसमास्तर ठेवलं होतं. त्या काळी रत्नागिरीत स्पॅनिश शिकवणारे ते एकटेच, आणि शिकवत ते मुख्यतः अडखळायचं कसं, हे.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात काढली. दुकान होतं आफ्रिकेपलीकडच्या एका स्पॅनिश बेटावर. तिथे रेशमी रुमाल विकून विकून परतले ते दमा घेऊन. बायको मागेच वारलेली, मुलगा सदा केळशीला मामाकडे वाढलेला. बाप आला म्हणून तो रत्नागिरीला राहायला आला, पण बोलायचा पाहुण्याशी बोलावं तसा. पाणी तापलंय, भात झालाय, एवढंच.

त्या व्यापाऱ्याला दुकानासाठी माणसं लागत आणि मुंबईत त्यांची तोंडी परीक्षा होई. म्हणून भाऊंच्या ओटीवर शिकवणी चाले. शाळेत पोरांपुढे ओरडून मी पुरता विटलो होतो. कुठेतरी लांब जावं म्हणून मीही जाऊन बसू लागलो. शेजारी सदा असे.

"गप राहिलास की मेलास!" भाऊ म्हणत. "तोंडात मिठाची गुळणी धरणाऱ्यास नोकरी कोण देतो रे? सुचत नाही ना, 'अ व्हेर' म्हण. बघू हं. 'बुएनो' म्हण. बरं. तोवर पुढचं सुचतं. पऱ्याचं पाणी ओलांडताना दगडावर पाय देतोस की नाही? तसे हे शब्द. पण मेल्या, दगडावर बिऱ्हाड नाही करायचं!"

एवढं बोलून ते धापा टाकत खांबाला टेकत. सदा पाणी आणून देई आणि मुद्दाम "बुएनो, भाऊ" म्हणे. भाऊ हसत. बापलेकांचं खरं बोलणं त्या परक्या भाषेतच सुरू झालं होतं. ते बघायला मला फार आवडे. लांब जायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

सदाचं मुंबईला जायचं ठरलं, तेव्हा भाऊंनी त्याची घरीच परीक्षा घेतली. त्यांचा प्रश्न ठरलेला असे: घर सोडून का जायचंय? आम्ही सगळे तिथे 'पुएस', 'बुएनो' असे दगडामागून दगड टाकत बसायचो. सदा एकदाही न अडखळता स्पॅनिशमध्ये म्हणाला, "इथे मला थांब म्हणणारं कोणी नाही."

भाऊ खांबाला धरून उठले. मग "पास," म्हणाले आणि आत जाऊन पडले.

मी सदाला बाहेर गाठलं. "अरे, बापाला असं बोलतात?"

"परीक्षेचं उत्तर होतं ते, मास्तर," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघेना.

आगबोटीच्या दिवशी आम्ही तिघे बंदरावर गेलो. बोट लांब उभी, तिथवर पडावातून जायचं. सदाने वाकून नमस्कार केला आणि तसाच उभा राहिला.

"भाऊ, जाऊ ना?"

"पुएस..." भाऊ म्हणाले.

सदा थांबला. मीही थांबलो.

"चला हो, बोट थांबायची नाय!" पडाववाला ओरडला. सदाने एक पाय पडावात ठेवला, दुसरा धक्क्यावरच.

"पुएस... अ व्हेर..." भाऊंचे ओठ हलत होते. "बुएनो."

सदाने दुसरा पाय उचलला.

परतताना चढणीवर भाऊंना दम लागला. वाटेकडेच्या एका दगडी गडग्यावर ते बसले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पास होईल हो तो."

"होईल," ते म्हणाले. मग समुद्राकडे पाठ करून, एकदाही न अडखळता, मराठीत म्हणाले, "नको जाऊस म्हणायचं होतं मला."

खाली आगबोटीचा भोंगा झाला.