भरलेला पाट

बाहत्तरच्या दुष्काळात गावातून ऊसतोडीला पहिली बैलगाडी नेली ती आश्रुबा आणि त्याची बायको चंद्रभागाबाई यांनी. मांजरसुंब्याच्या घाटापलीकडचा मुलूख तोवर गावात कुणी पाहिला नव्हता. परतल्यावर आश्रुबा पारावर बसून सहकारी कारखान्याजवळचा भरलेला पाट रंगवून सांगे. लेक गीता त्याच पाटात बुडाली होती. पण ती तापाने गेली, असंच त्याने गावाला सांगितलं. कोरड्या गावातल्या पोरीला पाण्याचं भय ठाऊक नव्हतं. ती हसत आत चालत गेली होती.

पुढच्या दसऱ्यानंतर गावाने गाड्या जुंपल्या. चंद्रभागाबाईने शेजारच्या केसरबाईला गाठलं.

"लेकरू घरी ठिव. माझी गीता तापानं न्हाई, पाटात गेली, बाई."

"घरी कुणापाशी ठिवू? सासूबी गाडीतच बसलीय."

चंद्रभागाबाईने बैलाचं जादा दावं काढलं आणि लेकराच्या कमरेला बांधलं. "पाटापाशी गाडी सोडली की दुसरं टोक चाकाला बांध."